मातामाय, घडीभर बाजूला हो

देवराव मास्तरांना गावाकडून फार काही नको होतं. एक खांब हवा होता. लोखंडी नाही तर लाकडी, सरळ नाही तर थोडा वाकडा, पण वर विजेचा दिवा असलेला एक खांब. माणसानं आयुष्यात एवढंच मागावं आणि तेवढ्यापायी त्याचे दोन तुकडे व्हावेत, हे सांगून कुणाला खरं वाटणार नाही. पण मांजरधऱ्यात हे झालं. कळंबच्या बाजारात कुणालाही विचारा, तो आधी हसेल आणि मग इकडेतिकडे पाहून विषय बदलेल.

वीज यायचं ठरलं त्या साली विजेची माणसं कळंबकडून खांब रोवत रोवत गावात शिरली. एक खांब शाळेपाशी, एक चावडीपाशी, दोन बाजाराच्या जागेत, एक सरपंच भगवानरावांच्या दारात आणि शेवटचा भगवानरावांच्याच गोठ्यापाशी. गोठ्याच्या पुढं नाला आणि नाल्याच्या पलीकडं बौद्धांची वस्ती. म्हणजे भगवानरावांच्या म्हशी रात्रभर उजेडात रवंथ करणार आणि मास्तरांची सत्यशीला चिमणीच्या धुरात मॅट्रिकचा अभ्यास करणार. म्हशींना मॅट्रिक व्हायचं नव्हतं, एवढं तर भगवानरावांनीही कबूल केलं असतं.

सत्यशीला वस्तीतली मॅट्रिकपर्यंत पोचलेली पहिलीच मुलगी. रोज कळंबच्या शाळेत पायी जायची, पायी यायची आणि संध्याकाळी चिमणीला नाक लावून बसायची. सकाळी उठली की नाकपुड्या काजळीनं काळ्या आणि डोळे लाल. कळंबच्या डॉक्टरांनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि सांगितलं, की हिचं वाचन थांबवा नाहीतर हिला बरा उजेड द्या, दोन्ही जमत नसेल तर डोळ्यांची आशा सोडा. वाचन थांबवायचं तर मास्तरांनी आयुष्यात जे काही केलं होतं ते सगळंच पाण्यात गेलं असतं. तेव्हा उजेड हवा होता.

मास्तर शेजारच्या गावच्या शाळेत शिकवत. अक्षर मोत्यासारखं, बोलणं पुस्तकातल्यासारखं. देव सोडल्यापासून त्यांनी आपली सगळी श्रद्धा अर्जावर ठेवली होती. त्यांनी पंचायतीला अर्ज केला. पंचायत म्हणाली, हे विजेवाल्यांच्या हातात. विजेवाले म्हणाले, पंचायतीचा ठराव आणा. ग्रामसेवक म्हणाले, आधी ओवरसियरची पाहणी होऊ द्या. ओवरसियर साहेब मोठे सज्जन, त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, नकाशा उलगडला आणि नाल्यापलीकडं बोट ठेवून म्हणाले, "इथं तर काहीच नाही, गुरुजी. नुसता नाला आहे."

"तिथे आम्ही राहतो," मास्तर म्हणाले.

"राहत असाल. पण नकाशात नाही ना. नाल्याला दिवा कसा मंजूर करू?"

या प्रश्नावर मास्तरांनी नकाशात वस्ती दाखवावी म्हणून वेगळा अर्ज केला. तो कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही.

शेजारी उकंडा बुवा राहत. वय झालेलं, दात गेलेले, सल्ले मात्र शाबूत. ते दारात तंबाखू मळत म्हणत, "मास्तर, अर्ज कायले करून राह्यले? अर्ज वाचाले वाचणारा लागते. तुमच्या आज्यानं कधी अर्ज केलता काय? नुसता हात हालवे, अन् पाटील पायातल्या वहाणा काढून उभा राहे."

मास्तरांना हे बोलणं बिलकूल आवडत नसे. त्यामागची गोष्ट आता सांगावीच लागेल. मांजरधऱ्याची मातामाय, म्हणजे गोवर-कांजिण्यांची आणि पटकीची देवी, नाल्याकाठच्या ओट्यावर बसत असे आणि येई ती फक्त मास्तरांच्या घरातल्या पुरुषाच्या अंगात. पिढीजात मान होता तो. एरवी ज्याची सावली चालत नसे त्याच्या अंगात मातामाय आली, की अख्खं गाव त्याच्या पाया पडे. ती गेली, की गाव घरी जाऊन आंघोळ करी. देवरावांच्या अंगात ती मिसरूड फुटायच्या आत आली होती. पण छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्याबरोबर देवरावांनी ओट्यावरचा शेंदरी दगड उचलला आणि नाल्याच्या डोहात टाकला. लेकीचं नाव सटवी होतं, ते सत्यशीला केलं. उकंडा बुवांनी डफडं खुंटीला टांगलं. तेव्हापासून मातामाय मुकी झाली. गावानं तिला दुसऱ्याच्या अंगात आणून पाहिलं. भगवानरावांचा एक चुलतभाऊ तयार झाला, पण तो नुसताच घुमला, बोलला काहीच नाही आणि शेवटी कंबर धरून खाली बसला. मातामायेलासुद्धा घर बदलून चालत नव्हतं.

त्या पावसाळ्यात मास्तरांना हिवताप लागला होता. एक दिवसाआड, ठरल्या वेळी, दुपार कलली की यायचा. नेमक्या त्याच दिवशी पंचायतीची सभा. कांताबाई म्हणाली, "आज नोका जाऊ, थंडी वाजून राह्यली तुम्हाले." पण अर्जावर विचार होणार होता आणि अर्जाचा मालक हजर नाही, ही गोष्ट मास्तरांच्या शिस्तीत बसणारी नव्हती. ते घोंगडी पांघरून गेले आणि नेहमीच्या जागी, म्हणजे जोडे काढून ठेवतात तिथं, उभे राहिले.

भगवानरावांनी अर्ज वाचायला लावला. मास्तरांच्या मराठीला सभेत दोघातिघांनी मान डोलावली. मग भगवानराव म्हणाले, "मास्तर, अर्ज झकास लिहिला. पण नाल्याले दिवा लावून बेंडकाले शाळा शिकवतं काय? अन् पोरीले कायले मॅट्रिक कराचं? गोवऱ्या थापाले लागते काय मॅट्रिक?"

सभा हसली. मास्तरांना राग आला आणि त्याच क्षणाला थंडीही आली. दोन्ही एकदम आली. आधी हात थरथरले, मग खांदे, मग दातांवर दात वाजायला लागले. घोंगडी गळून पडली. मास्तरांना म्हणायचं होतं, "आम्हांला एक दिवा हवा आहे." पण दातांच्या कडकडाटात शुद्ध मराठी कुठून निघायला! तोंडातून निघालं ते असं:

"दि-दि-दिवा! दिवा पाह्यजे मले!"

दाराशी भगवानरावांची म्हातारी आई बसली होती, मैनाबाई. तिनं छाती बडवली. "आली वो! आली माही मातामाय! सात वर्सानं आली!" आणि ती तशीच सरपटत येऊन मास्तरांच्या पायांवर पडली.

खरं तर मास्तरांनी इथं सांगायला हवं होतं, की बाई, हा ताप आहे, मला घरी पोचवा. पण त्यांनी खाली पाहिलं तर पायांशी मैनाबाई, तिच्यामागं टोपी काढलेले भगवानराव, त्यांच्यामागं सगळे मेंबर. मास्तरांना आयुष्यात इतक्या माणसांचे टाळू एकदम दिसले नव्हते.

"कुठी पाह्यजे दिवा, माय?" भगवानरावांनी जमिनीकडं पाहत विचारलं.

"ना-नाल्याच्या पल्याड!"

"हाव माय. देतो माय."

ग्रामसेवकानं तिथल्या तिथं ठराव लिहिला. वर्षभराच्या अर्जांनी जे झालं नाही, ते एका थंडीतापानं चहा उकळायच्या आत झालं.

घरी आल्यावर कांताबाईनं दोन गोधड्या घातल्या आणि वर तोंड सोडलं ते वेगळंच. सत्यशीलेनं पुस्तक मिटलं आणि एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही त्याहीले सांगितलं नाही काय, का हा ताप हाये म्हणून?"

"सांगणारच होतो," मास्तर गोधडीतून म्हणाले, "पण ठराव लिहिणं चालू होतं. मध्ये कसं बोलावं?"

वस्तीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. बौद्ध मंडळाचे अध्यक्ष बळीराम हे यवतमाळच्या कापसाच्या जिनात काम करून आलेले, कडक माणूस. त्यांनी मास्तरांना मंडळासमोर बसवलं. मंडळाचे चिटणीस खुद्द मास्तरच असल्यामुळे आपल्याच चौकशीचा वृत्तान्त लिहिण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि त्यांनी तो चोख लिहिला. बळीराम म्हणाले, "ताप होता हे आम्ही मानतो, मास्तर. मंग ताप घालवा." तेव्हापासून दर सोमवारी मंडळासमोर हिवतापावरची कोयनेलची गोळी घ्यायची, असं ठरलं. मास्तर गोळी गिळत, बळीराम त्यांना आ करायला लावून जिभेखाली पाहत, आणि मंडळ उठे. कोयनेलनं ताप गेला. कानांत मात्र भुणभुण सुरू झाली, ती राहिलीच.

ताप गेला तरी खांब येईना. विजेवाले म्हणत, खांब संपले. पुढच्या खेपेला पाहू. भगवानराव स्वतः नाला ओलांडून आले, वस्तीच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "माय एकडाव अजून सांगन, तं मी यवतमायले जाऊन बसतो." मास्तरांनी मनाशी हिशेब केला. पोरीचे डोळे एका बाजूला आणि थोडंसं थरथरणं दुसऱ्या बाजूला. खांब उभा राहीपर्यंतच, असं त्यांनी ठरवलं. सगळी सोंगं अशी मुदतीवरच आणलेली असतात.

मंगळवार हा मातामायेचा वार. पहिल्या मंगळवारी त्यांनी हात हलवला तेव्हा तो त्यांनी हलवला होता. दुसऱ्या मंगळवारी अर्धा त्यांनी हलवला आणि अर्धा हलला. तिसऱ्या मंगळवारपासून ते नुसते ओट्यावर जाऊन बसत. बाकीचं आपोआप होई.

आणि खोटं कशाला बोला, मजाही येई. ज्या गुरुजींनी देवरावाला लहानपणी शाळेच्या व्हरांड्यात गोणपाटावर बसवलं होतं, ते आता म्हातारे होऊन गुडघेदुखी घेऊन आले. मातामायेनं त्यांना भर उन्हात गोणपाटावर बसवलं. ग्रामसेवकाला पायी बाभुळगावला पाठवलं, कशाला ते तिलाच ठाऊक. भगवानरावांना कान धरून उठाबशा काढायला लावल्या. मग भगवानरावांनी तांब्याभर पाण्यानं ते पाय धुतले आणि ते पाणी ओंजळीनं प्यायले.

दुसऱ्या दिवशी मास्तर खांबाची चौकशी करायला पंचायतीत गेले. भगवानराव चहा पीत होते. त्यांनी मास्तरांसाठीही चहा मागवला आणि तो आला कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात, जो वस्तीतल्या माणसांसाठी वेगळा ठेवलेला असे. पिऊन झाल्यावर कप ज्याचा त्यानं विसळायचा, हा नियम. मास्तरांनी विसळला. मंगळवारी पायाचं पाणी चालत होतं आणि बुधवारी हातचं चालत नव्हतं. यावर मास्तरांनी घरी येईपर्यंत पुष्कळ विचार केला. शेवटी त्यांना असं वाटायला लागलं, की तो कप देवराव नावाच्या माणसासाठी आहे. आपला त्याच्याशी काही संबंध नाही.

इथून गाडी घसरली. ओट्यावर काय बोललो ते मास्तरांना आठवेनासं झालं. उठल्यावर घसा बसलेला असे, एवढंच. बातम्या उकंडा बुवांकडून कळत.

"काल मातामायनं लय शिव्या देल्या," एकदा ते म्हणाले.

"कुणाला?"

"तुम्हाले."

"मला? कोणी?"

"तुम्हीच!" उकंडा बुवांना हा प्रकार मनापासून आवडला होता. "म्हणे, थ्या मास्तरनं मले डोहात बुडवलं. सात वर्स मासे चावून राह्यले मले. थो मास्तर बेइमान हाये. त्याच्या हातचा अर्ज घेऊ नोका."

मास्तरांचा विश्वास बसला नाही. ते तडक पंचायतीत गेले आणि खांबाच्या चौकशीचा अर्ज ग्रामसेवकापुढं ठेवला. ग्रामसेवकानं हात मागं घेतले.

"घेता येत नाही, मास्तर. वरून हुकूम आहे."

"कुणाचा हुकूम?"

ग्रामसेवक बिचारा तोंडाकडं पाहत राहिला. ज्या तोंडानं हुकूम दिला, तेच तोंड विचारत होतं की कुणाचा. सरकारी नोकरीत त्याला असा प्रसंग कधी आला नव्हता. तो म्हणाला, "वाईट नका वाटून घेऊ. तुम्ही मंगळवारी स्वतःच विचारून घ्या."

मग तर गावाला सवयच लागली. मास्तर काही बोलले की लोक म्हणत, थांबा, मंगळवार येऊ द्या. मातामाय काय म्हणते ते पाहू. आणि मातामाय नेमकं उलट म्हणे. देवराव मास्तरांचा शत्रू असा गावात कुणी नव्हता. आता एक झाला आणि तो त्यांचंच धोतर नेसून हिंडत होता. मातामाय फार जुन्या वळणाची होती. तिला सात वर्षांचा मान व्याजासकट हवा होता.

एका मंगळवारी तिनं आपला ओटा नवा बांधून मागितला. जागाही सांगितली. नाल्याच्या अलीकडं, गावाच्या बाजूला, उंचवट्यावर वस्तीनं विहारासाठी जागा मिळवली होती. त्या जागेचा अर्ज मास्तरांनीच लिहिला होता आणि तो मंजूर झालेला त्यांच्या आयुष्यातला एकमेव अर्ज. वस्तीतल्या बायामाणसांनी दिवसभराची मजुरी करून वर संध्याकाळी विटा थापल्या होत्या, भाजल्या होत्या आणि तिथं रचून ठेवल्या होत्या. मातामाय म्हणाली, "तिथीसा बांधा. इटा तयारच हायेत."

बुधवारी सकाळी गावच्या बैलगाड्या आल्या आणि ओट्याचं काम सुरू झालं. बळीराम आडवे गेले तेव्हा भगवानराव शांतपणे म्हणाले, "माह्यावर कायले चिडता? तुमच्याच मास्तरनं देली जागा. तुमच्याच माणसाच्या तोंडून शब्द निंगाला."

बळीराम मास्तरांच्या दारात आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, आजपासून तुमच्यासंग आमचं बोलणं नाही. कोयनेल बंद." आणि निघून गेले. वस्तीत त्या दिवशी कुणाच्या घरी जेवणात लक्ष नव्हतं. विटा थापणाऱ्यांत कांताबाईही होती. तिच्या बोटांची सालं निघाली होती, ती अजून भरली नव्हती.

सत्यशीलेनंही दुसऱ्याच दिवसापासून बापाशी बोलणं टाकलं. ताट वाढी, पाणी ठेवी, तोंडातून शब्द नाही. मास्तरांनी दोनदा हाक मारली. तिसऱ्या वेळी ती चिमणीवरून मान वर न करता म्हणाली, "मी बोलू कोणासंग? बोलल्यावर जवाब कोण देईन, ते मले मालूम नाही." ते तिचे बापाशी बोललेले शेवटचे शब्द. तिचे डोळे पाणावले होते, पण ते रडण्यानं की धुरानं, हे विचारायचा हक्क आपल्याला उरला नाही, हे मास्तरांना कळलं. फार वाईट वाटलं त्यांना. खांब मागितला होता कुणासाठी आणि झालं होतं काय!

मास्तरांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. स्वतःच्या पैशानं कोयनेल आणून मुठीनं खाल्लं. कान इतके वाजायला लागले की शाळेत मुलं पाढे म्हणतात की गाणं, ते कळेना. मंगळवारी त्यांनी कांताबाईला सांगून लुगड्यानं स्वतःला बाजेला बांधून घेतलं. कांताबाईनं गाठी अशा मारल्या की बैलही सुटला नसता. संध्याकाळी गावातून डफड्याचा आवाज आला आणि मास्तर बाजेसकट उठून ओट्यावर गेले. गावानं बाजेचीही पूजा केली.

अखेर खांब आला. तो कुठे रोवायचा याचा ठराव होताच, नाल्याच्या पल्याड. पण मधल्या काळात मातामायेचा मुक्काम अल्याड आला होता आणि दिवा मातामायेनं मागितला होता. तेव्हा खांब नव्या ओट्यापाशी रोवला. दिव्यावर पत्र्याची टोपी बसवली, ती अशी तिरपी की सगळा उजेड ओट्यावर पडावा. वस्तीच्या वाट्याला टोपीची पाठ आली. ओवरसियर साहेबांनी जाताना मास्तरांचं अभिनंदन केलं. "बघा गुरुजी, चिकाटी ठेवली की काम होतं."

दिवा लावायचा मंगळवार ठरला. अख्खं गाव दिवेलागणीला उंचवट्यावर जमलं. पवित्र जागा म्हणून सगळ्यांनी पायातलं काढून लांब ठेवलं होतं. मास्तरांना नवं धोतर नेसवून, कपाळभर कुंकू लावून विहाराच्या विटांवर बसवलं होतं. वस्तीतलं कुणी आलं नव्हतं. फक्त नाल्याच्या काठाशी दोन बायका उभ्या होत्या, कांताबाई आणि सत्यशीला. कांताबाई नवऱ्याला घरी न्यायला आली होती, कारण मातामाय सोडून गेली की गाव त्याला तिथंच टाकून जाई. सत्यशीला का आली होती ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

भगवानरावांनी बटण दाबलं. दिवा लागला. गावानं जयजयकार केला आणि मैनाबाई रडली. मास्तरांनी उजेडाकडं पाहिलं आणि मग उजेड जिथं संपत होता तिकडं पाहिलं. तो सत्यशीलेच्या पावलांच्या जरासा अलीकडं संपत होता. ती अंधारात उभी होती.

मास्तर उठले. गाव सरसावून बसलं, की आता येणार. पण हात हलला नाही, मान हलली नाही. मास्तर बोलायला लागले, आणि तेही पुस्तकातलं नाही, आईच्या दुधाबरोबर आलेलं.

"मातामाय नाही. कोणतीच नाही. पयल्या दिवशी मले हिवताप होता. मंग म्या सोंग घेतलं अन् पुढं सोंगानंच मले घेतलं. हा दिवा म्या मागतला होता, माह्या पोरीसाठी. अन् ह्या इटा विहाराच्या हायेत. त्या आमच्या बायाहीनं थापल्या. त्या वापस करा."

मग मैनाबाई पुटपुटली, "आवाज तं मायचाच हाये."

"पण आंग हालून नाही राह्यलं," दुसरा कुणीतरी म्हणाला.

भगवानरावांनी डोळे बारीक करून पाहिलं. कान धरून काढलेल्या उठाबशा त्यांना आठवल्या असाव्यात. "हा मास्तर हाये," ते म्हणाले. "मातामायच्या जाग्यावर मास्तर बसून राह्यला आपल्याले लुबाडाले."

लोक उठले. चारदोन तरणे पुढंही आले, पण हात कुणाचा उठेना. अडचण खरीच होती. मास्तरला मारायचं, पण आत मातामाय असली तर? घर जाळायचं तर देव आधी बाहेर काढतात. काय करावं, यावर थोडी चर्चा झाली. मग भगवानरावांनी टोपी काढली, हात जोडले आणि मोठ्या भक्तीनं म्हणाले, "मातामाय, तू घडीभर बाजूला हो. आमाले मास्तरसंग बोलाचं हाये."

आणि सगळं गाव मान खाली घालून थांबलं.

मास्तरांच्या डाव्या हाताची करंगळी थरथरायला लागली. ती आली होती. कितीही भांडली तरी घर तिचं होतं आणि तिला ते वाचवायचं होतं. नुसता हात वर केला असता तरी पुरलं असतं. गाव पुन्हा पायांवर पडलं असतं, भगवानराव पुन्हा पाणी प्यायले असते. मास्तरांनी नाल्याच्या काठाकडं पाहिलं. मग उजव्या हातानं ती करंगळी घट्ट धरली आणि काखेत दाबून ठेवली.

"झाली बाजूला," ते म्हणाले. "बोला."

मग गाव मास्तरांशी बोललं. पायात जोडे नव्हते एवढंच काय ते बरं. एकानं सवयीनं आधी पायाला हात लावून नमस्कार केला आणि मग लाथ घातली. ज्या माणसाला तुटक्या कपात चहा देत, त्याला इतक्या हातांनी मारताना विटाळाची आठवण एकालाही झाली नाही. उजेड भरपूर होता, त्यामुळे कुणाचा नेम चुकला नाही.

कांताबाईचा ओरडा ऐकून वस्ती धावली. बळीराम सगळ्यांत पुढं होते. ते येईपर्यंत गाव पांगलं होतं आणि दिवा जळत होता. मास्तरांना बाजेवर घातलं. डोक्याकडची बाजू बळीरामांनी उचलली. वाटेत ते एकदाच बोलले, "मास्तर, इटा उद्या आणतो आम्ही." दुसऱ्या दिवशी वस्तीनं ओटा उकलून विटा परत नेल्या आणि गावातलं कुणी आडवं आलं नाही. दिवसा उजेडी ओट्याकडं फिरकायची गावाला भीती वाटत होती.

पुढचे सोपस्कार यथासांग झाले. जमादार आला, त्यानं मास्तरांची जबानी घेतली आणि पेन थांबवून विचारलं, "मार देवीला लागला की तुम्हाला, ते नक्की सांगा. कलम बदलतं." शिक्षण खात्याकडून विचारणा आली, की आपण शिक्षक असून अंधश्रद्धा पसरवता, तर खुलासा करावा. मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं सुजली होती. खुलासा सत्यशीलेनं लिहिला. ती त्यांच्या जखमा पुसत होती, हळद लावत होती, उशी सारखी करत होती. बोलत मात्र नव्हती.

मंगळवार आला. मास्तर बाजेवर पडून होते. दोन बरगड्या, एक दात आणि उरलेली अब्रू असं बरंच काही गेलं होतं. दुपारी दाराशी सावल्या पडल्या. मैनाबाई आणि तिच्यामागं भगवानराव. मैनाबाईच्या हातात नारळ होता. नातवाला गोवर निघाला होता, अंग भाजत होतं पोराचं. गावात दुसरं कुणी विचारायला नव्हतं.

दोघं उंबरठ्यापासून दोन पावलं लांब थांबली, नेहमीसारखी. भगवानरावांची नजर जमिनीवर होती. म्हातारीनं हात जोडले.

"पोरी, मातामाय हाये काय घरी?"

सत्यशीला दारात बसून वाचत होती. तिनं पुस्तक पालथं ठेवलं आणि उभी राहिली. मास्तरांनी बाजेवरून आपल्या करंगळीकडं पाहिलं. ती स्वस्थ होती.

"मातामाय नाही इथं," सत्यशीला म्हणाली. "पोराले कळंबच्या डाक्तराकडे न्या, लवकर न्या. अन् बाबा हायेत घरी. त्याहीले भेटाचं असंन तं आत या, पाणी घ्या."

मैनाबाई उंबरठ्याकडं पाहत राहिली. भगवानराव माघारी वळले. थोड्या वेळानं तीही नारळ तसाच हातात घेऊन त्यांच्यामागं गेली. सत्यशीलेनं पुन्हा पुस्तक उघडलं. मास्तरांच्या कानांत कोयनेलची भुणभुण अजून चालूच होती. पण 'बाबा' हा शब्द त्यांना नीट ऐकू आला होता.